समीकरण सोडवताना ०=० आलं तर उत्तर काय लिहायचं?

एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी दहावीत, इथेच नागपुरात. तिला टेस्टमध्ये २क्ष + ३य = १२ आणि ४क्ष + ६य = २४ ही जोडी सोडवायला आली होती. तिने पहिल्या समीकरणाला २ ने गुणलं, वजाबाकी केली तर ०=० आलं, मग तिने लिहिलं "क्ष आणि य च्या कोणत्याही किमती चालतील" आणि मार्क कटले. नंतर शाळेतल्या सरांनी उत्तर सांगितलं क्ष = त, य = (१२ − २त)/३. ट्युशनच्या मॅडमनी सांगितलं क्ष = ३म, य = ४ − २म. आता ताई विचारून राहिल्या की दोघांपैकी बरोबर कोण, आणि उत्तरं अनंत आहेत तर मग कोणतंही उत्तर का चालत नाही.

आधी सरळ सांगून टाकतो. सर आणि मॅडम दोघंही बरोबर आहेत, उत्तर एकच आहे, लिहायची तऱ्हा वेगळी आहे. मुलीचं गणित पण शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर आहे, ०=० हेच यायला पाहिजे होतं. चुकलं ते फक्त शेवटचं वाक्य. पण ते काहून चुकलं हे नीट समजलं ना, तर पुढे बारावीचं मॅट्रिक्स आणि इंजिनिअरिंगचं रँक सगळं सोपं जातं, म्हणून थोडं लांब लिहितो. मी नागपुरात बरीच वर्षं आठवी ते बारावीच्या पोरांना गणित शिकवतो, आणि या एका जागी हुशार पोरंसुद्धा अडकतात, कारण तोपर्यंत प्रत्येक गणिताला त्यांना शेवटी एक आकडा मिळत आलेला असतो आणि इथे आकडाच गायब होतो, मग पोरांना वाटतं आपलाच कुठेतरी घोळ झाला, खोडून पुन्हा करतात, पुन्हा ०=०, आणि तेवढ्यात पेपरचा वेळ जातो.

(एक्स-वायच्या जागी मी क्ष-य लिहितोय, मुलीने वहीत तिच्या सवयीप्रमाणे लिहावं.)

"कोणत्याही किमती" हे लगेच तपासता येतं. क्ष = १, य = १ घ्या. २ + ३ = ५, आणि आपल्याला १२ पाहिजे. नाही चाललं. म्हणजे कोणतीही जोडी चालत नाही. क्ष = ० घेतला तर य ४ च असावा लागतो, क्ष = ३ घेतला तर य २ च, क्ष = ६ तर य = ०, क्ष = १.५ तर य = ३. क्ष निवडायची पूर्ण मोकळीक आहे, पण एकदा क्ष निवडला की य ला कुठलीच मोकळीक उरत नाही. मुलीच्या उत्तरात अर्धी गोष्ट आली आणि अर्धी राहिली. आलेखावर पाहिलं तर दोन्ही समीकरणांची रेषा एकच आहे, एकावर एक पडलेली, आणि त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू उत्तर आहे. रेषेबाहेरचा एकही नाही. कागदावर रेषेबाहेर केवढी जागा असते पाहा, ते सगळे बिंदू नापास.

आता ०=० चा अर्थ. क्लासमध्ये मी हे संत्र्यांवरून घेतो. समजा कळमन्याच्या बाजारात एकाने २ किलो संत्री आणि ३ किलो मोसंबी घेतली, बिल झालं ३०० रुपये. दुसऱ्याने त्याच दुकानातून ४ किलो संत्री आणि ६ किलो मोसंबी घेतली, बिल ६००. संत्र्याचा भाव काय? पोरं लगेच दोन समीकरणं मांडतात, दोन अज्ञात, दोन समीकरणं, म्हणजे उत्तर येणारच असं त्यांना वाटतं. पण दुसऱ्या गिऱ्हाइकाने आपल्याला नवीन काय सांगितलं? काहीच नाही. सगळं डबल घेतलं तर बिल डबल होणार हे पहिल्या बिलावरूनच माहीत होतं. ०=० म्हणजे समीकरण आपल्याला हेच सांगून राहिलं की दुसऱ्या ओळीतली माहिती पहिल्या ओळीत आधीच होती. कागदावर समीकरणं दोन दिसतात, कामाचं एकच आहे. आणि एका समीकरणावरून दोन अज्ञात पक्के होत नाहीत. संत्री ६० आणि मोसंबी ६० असू शकते, संत्री ९० आणि मोसंबी ४० असू शकते, संत्री ३० आणि मोसंबी ८० पण असू शकते.

भाव पक्का करायचा तर खरोखरची नवीन माहिती लागते. कोणी सांगितलं की संत्री मोसंबीपेक्षा किलोमागे २० रुपयांनी महाग आहे, तर झालं, मोसंबी ५२ आणि संत्री ७२. तपासून पाहा, १४४ अधिक १५६, ३०० होतात.

आणि दुसऱ्याचं बिल ६०० ऐवजी ५५० झालं असतं तर? मग वजाबाकी करून ०=५० आलं असतं, म्हणजे उकलच नाही, आलेखावर दोन समांतर रेषा. पण ५५० चं बिल तर खऱ्या बाजारात होऊ शकतं ना, जास्त माल घेतला म्हणून दुकानदाराने भाव कमी केला असेल. तेव्हा उकल नाही याचा अर्थ असा निघतो की दोघांना एकच भाव लावला हे जे आपण धरून चाललो होतो ते खोटं आहे. ०=० आणि ०=५० या दोन ओळी पोरं घाईत सारख्याच समजतात, "काहीतरी विचित्र आलं" म्हणून, पण दोघींचा निरोप एकदम उलटा आहे. पहिलीत माहिती कमी पडते, दुसरीत माहिती एकमेकींशी भांडते.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पोरं विचारतात सर, दोनच उत्तरं का नाही येऊ शकत, वर्गसमीकरणाला येतात की. रेषीय समीकरणांना शून्य उत्तरं, एक उत्तर किंवा अनंत, एवढ्या तीनच शक्यता. दोन कधीच नाही, सतरा पण नाही. आणि याचं कारण दहावीच्या पोराला पूर्ण समजेल इतकं सोपं आहे. समजा दोन वेगळी उत्तरं सापडली, (०, ४) आणि (३, २). दोघांच्या बरोबर मधला बिंदू घ्या, (१.५, ३). टाकून पाहा, ३ + ९ = १२, तो पण चालतो! हे काही योगायोगाने झालं नाही. पहिल्या उत्तराने डावी बाजू १२ येते, दुसऱ्यानेही १२ येते, म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकताना डाव्या बाजूत एकूण फरक पडतो १२ − १२, म्हणजे शून्य. आणि रेषीय म्हणजे काय, अर्धं सरकलात तर अर्धा फरक, पाव सरकलात तर पाव, दहापट सरकलात तर दहापट. शून्याचा अर्धा शून्य, शून्याची दहापट शून्य. म्हणून त्या दोन बिंदूंना जोडणारी आख्खी रेषा, दोन्हीकडे कितीही लांब नेली तरी, उत्तरंच उत्तरं. वर्ग आला की अर्धं सरकल्यावर अर्धा फरक पडत नाही, म्हणून तिथे दोन उत्तरांवर थांबता येतं. ही गोष्ट तीन चलांना, दहा चलांना, कितीही समीकरणांना जशीच्या तशी लागू पडते. मला स्वतःला हा युक्तिवाद फार आवडतो, यात सूत्र नाही, पाठ करायचं काही नाही, आणि एकदा पटला की विसरत नाही.

इथूनच सर आणि मॅडमचं भांडण पण मिटतं. एक उत्तर धरा, (०, ४). आता कोणत्या दिशेला सरकलं तर डावी बाजू बदलत नाही? क्ष ३ ने वाढवला तर २क्ष ६ ने वाढतो, आणि य २ ने कमी केला तर ३य ६ ने कमी होतो, हिशोब बरोबर. तर दिशा झाली (३, −२). म्हणून सगळी उत्तरं म्हणजे (०, ४) पासून सुरू करा आणि (३, −२) च्या कितीही पट सरका, हेच मॅडमचं क्ष = ३म, य = ४ − २म. सरांच्या उत्तरात त = ३म टाका, य होतो (१२ − ६म)/३, म्हणजे ४ − २म, तेच आलं. तिसऱ्याने (६, ०) पासून सुरुवात करून क्ष = ६ − ३म, य = २म लिहिलं तरी तेही बरोबर, फक्त उलट्या बाजूने चालला. तेव्हा गाइडच्या मागे दिलेल्या उत्तराशी आपलं जुळत नाही म्हणून घाबरायचं नाही. आपल्या उत्तरातले दोन बिंदू काढायचे, मूळ समीकरणात टाकायचे, दोन्ही बसले आणि वेगळे असले की रेषा तीच आहे.

आता थोडं परिस्थितीवर अवलंबून असलेलं. "अनंत" हे तेव्हाच खरं आहे जेव्हा क्ष आणि य कोणत्याही वास्तव संख्या असू शकतात. वरच्या बाजाराच्याच उदाहरणात भाव ऋण असू शकत नाही, म्हणजे रेषेचा मधलाच तुकडा कामाचा, तरी त्या तुकड्यावर पण अनंत बिंदू आहेत. पण भाव पूर्ण रुपयांतच असतो असं धरलं तर? मग संत्र्याचा भाव ३ च्या पटीत यावा लागतो, ३ पासून १४७ पर्यंत, म्हणजे ४९ उत्तरं. भाव ५ च्या पटीतच ठेवतात म्हटलं तर फक्त ९ उरतात. आणि २क्ष + ३य = १२ मध्ये क्ष-य म्हणजे फळांचे नग असतील, तर (०, ४), (३, २), (६, ०) अशी तीनच. म्हणून शाब्दिक उदाहरण असलं की आधी पाहायचं, क्ष कसला आहे. मीटर, रुपये, नग की माणसं.

पूर्णांकांतच उत्तर पाहिजे असेल तर त्याचं शास्त्रच वेगळं आहे आणि ते आपल्याकडे फार जुनं आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये यासाठीची पद्धत दिली, तिला पुढे कुट्टक म्हणू लागले, ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ती आणखी पुढे नेली. त्यातला एक मुद्दा आजही परीक्षेत कामाला येतो. ४क्ष + ६य = १५ घ्या. वास्तव संख्यांत अनंत उत्तरं, पण पूर्णांकांत एकही नाही, कारण डावी बाजू नेहमी सम आणि उजवी विषम. सहगुणकांचा मसावि २ आहे, त्याने १५ ला भाग जात नाही, विषय संपला. भाग गेला असता तर पूर्णांकांतही अनंत उकली मिळाल्या असत्या.

मुलीला हेही सांगा की अनंत उकलीवाली गणितं ती सायन्सच्या तासाला आधीपासून करते. मिथेन जळतो, ऑक्सिजन लागतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, ते समीकरण बॅलन्स करायचं. चार अज्ञात सहगुणक, आणि कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशी तीन मूलद्रव्यं म्हणजे तीन रेषीय समीकरणं. उत्तर १, २, १, २ येतं, पण २, ४, २, ४ पण बॅलन्स होतं, ५, १०, ५, १० पण होतं. उत्तरं अनंत आहेत, आपण त्यातलं सगळ्यात लहान पूर्णांकांचं लिहायचं असं ठरवलंय एवढंच. क्लासमध्ये हे सांगितलं की पोरांची भीती बरीच उतरते असा माझा अनुभव आहे.

आता ओळखायचं कसं, पूर्ण न सोडवता. सीबीएसईची पोरं गुणोत्तर पाहतात. क्ष चे सहगुणक, य चे सहगुणक आणि स्थिर पदं तिन्हींचं गुणोत्तर सारखं असलं तर अनंत, पहिली दोन सारखी आणि तिसरं वेगळं तर उकल नाही, पहिली दोनच वेगळी तर एकच उकल. स्टेट बोर्डाची पोरं निश्चयक (सहगुणकांच्या तिरकस गुणाकारांची वजाबाकी) काढतात, क्रेमरची पद्धत. क्रेमर स्विस गणिती, त्याने ती १७५० मध्ये छापली. त्यात शेवटी डी ने, म्हणजे क्ष-य च्या सहगुणकांच्या निश्चयकाने, भागावं लागतं, आणि आपल्या जोडीत डी = २×६ − ३×४ = ०, डी-एक्स (डी मध्ये क्ष च्या सहगुणकांच्या जागी उजव्या बाजूचे आकडे) पण ०, डी-वाय (तसंच य साठी) पण ०. पोरं काय करतात, ०/० लिहून क्ष = ० करून टाकतात. तसं अजिबात करायचं नाही. डी शून्य आला की क्रेमरची पद्धत तिथेच थांबली, पुढे भागाकार करायचाच नाही. डी-एक्स आणि डी-वायही शून्य असतील तर दोन चलांमध्ये रेषा एकच आहे, उकली अनंत. दोघांपैकी एक जरी शून्य नसेल तर रेषा समांतर आणि उकल नाही. गुणोत्तरात एकच अडचण, एखादा सहगुणक शून्य असला की ०/० येतं, तेव्हा तिरकस गुणाकार करून पाहिलेला बरा.

पण हाच नियम तीन चलांना लावला की फसगत होते, आणि जेईईची तयारी करणारी पोरं इथे हमखास मार्क घालवतात. "सगळे निश्चयक शून्य म्हणजे उकली अनंत" असं बऱ्याच नोट्समध्ये छापलेलं असतं. हे घ्या: क्ष + य + झ = १, क्ष + य + झ = २, क्ष + य + झ = ३. चारही निश्चयक शून्य येतात. आणि उकल? एकाच वेळी १, २ आणि ३ कशी होईल बेरीज, उकल एकही नाही, तीन समांतर प्रतलं आहेत ती. म्हणून तीन चलांमध्ये डी शून्य आला की मी पोरांना सांगतो, निश्चयक बाजूला ठेवा आणि एकेक चल काढत जा, खालची ओळ काय बोलते ते पाहा.

उदाहरणार्थ क्ष + य + झ = ६, क्ष + २य + ३झ = १४, २क्ष + ३य + ४झ = २०. इथे कोणतीच दोन समीकरणं एकमेकांच्या पटीत नाहीत, नुसतं पाहून काही कळत नाही. पण पहिली दोन मिळवा, तिसरं तयार! म्हणजे कामाची समीकरणं दोनच. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की य + २झ = ८, झ ला त म्हणा, य = ८ − २त, आणि पहिल्यात टाकून क्ष = त − २. त = ३ ठेवला की १, २, ३ येतात, तिन्हीत बसतात. आता तिसऱ्याची उजवी बाजू २० ऐवजी २१ करा, लगेच ०=१, उकल गायब, आणि तरीही कोणतीच दोन प्रतलं समांतर नाहीत. दोन-दोन प्रतलं रेषेत छेदतात, तशा तीन रेषा मिळतात, आणि त्या एकमेकींना समांतर. दोन चलांच्या दोन समीकरणांत असं घडूच शकत नाही, म्हणून तिथली सवय इथे आणायची नाही. इंजिनिअरिंगला यालाच रँक म्हणून शिकवतात. कामाची समीकरणं किती ते रँक, आणि उकल असेल तर चलांची संख्या वजा रँक, तेवढे त-म सारखे मोकळे आकडे लागतात. वर तीन वजा दोन, एक.

बोर्डाच्या पेपरात दुसऱ्या प्रकारे पण विचारतात, "प ची कोणती किंमत घेतली तर उकली अनंत". समजा प×क्ष + ४य = प − २ आणि ९क्ष + प×य = प. पहिल्या दोन गुणोत्तरांवरून प×प = ३६, प = ६ किंवा −६. बरीच पोरं इथेच दोन्ही उत्तरं लिहून मोकळी होतात. तिसरं गुणोत्तर तपासायचं राहून जातं. प = ६ ला ६/९, ४/६, ४/६ तिन्ही २/३ येतात, ठीक. प = −६ ला पहिली दोन −२/३ पण तिसरं −८/−६ म्हणजे ४/३, तिथे उकलच नाही. तेव्हा उत्तर फक्त ६.

एक गोष्ट ताईंच्या मुलीला आत्ता लागणार नाही पण पुढे लागेल. आकडे मोजमापातून आलेले असले तर "बरोबर शून्य" क्वचितच येतं. क्ष + य = २ आणि क्ष + १.०००१य = २.०००१ याचं उत्तर (१, १). आता शेवटचा आकडा २.०००२ करा, उत्तर झालं (०, २). चौथ्या दशांशात एवढासा फरक आणि उत्तर आख्खं एक-एकने हललं, कारण दोन रेषा जवळजवळ एकावर एक आहेत. वहीत हे "एकच उकल" आहे, पण लॅबमधले आकडे असतील तर ती उकल मी कोणाला भरवशाची म्हणून देणार नाही, आणखी एक वेगळ्या प्रकारचं मोजमाप घ्यायला सांगेन.

आता पेपरात काय लिहायचं ते. ०=० आल्यावर पुढच्या ओळीत लिहायचं: "दुसरे समीकरण हे पहिल्याची २ पट आहे, म्हणून दोन्ही समीकरणांची रेषा एकच आहे आणि उकली अनंत आहेत." मग "क्ष = त, य = (१२ − २त)/३, येथे त ही कोणतीही वास्तव संख्या." आणि खाली दोन-तीन उकली आकड्यांत, (०, ४), (३, २). एवढं लिहिलं की तपासणाऱ्याला शंका राहायला जागा नाही. नुसतं "अनंत उकली" लिहून सोडलं तर काही शिक्षक पूर्ण मार्क देतात काही देत नाहीत, ते प्रश्न कसा विचारलाय त्यावर आहे, "उकलींचे स्वरूप सांगा" असेल तर तेवढं पुरतं, "सोडवा" असेल तर मोकळा आकडा घेऊन पूर्ण लिहावं.

मुलीला एक गणित देतो, ताई तिच्याकडून सोडवून घ्या. ६क्ष − ९य = १५ आणि −४क्ष + ६य = −१०. सगळी उत्तरं लिहायची, मग त्यातली क्ष आणि य दोन्ही धन पूर्णांक असलेली वेगळी काढायची. दोन्ही समीकरणं २क्ष − ३य = ५ वर येतात, (४, १) हे पहिलं धन उत्तर, पुढे क्ष ३ ने आणि य २ ने वाढत जातो, (७, ३), (१०, ५). इथे दोन्ही चल सोबतच वाढतात म्हणून धन पूर्णांकांची उत्तरंसुद्धा संपत नाहीत, आणि २क्ष + ३य = १२ मध्ये मात्र ती संपली होती. असं काहून होतं, हे तिला चिन्हांकडे पाहून स्वतः सांगायला लावा.